बनावट नोटा, अस्सल चित्रे

चलनी नोटेचे मोल तिच्या कागदात नसून तिच्यावरील विश्वासात असते. जोसेफ लायसेट या इंग्रज चित्रकाराने या तत्त्वाचा गैरफायदा घेतला. १७९७ ते १८२१ या काळात बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले होते. लहान रकमेच्या नोटा वाढल्या, तशी बनावटगिरीही फोफावली. तीनशेहून अधिक लोक तिच्यापायी फासावर गेले. लायसेटला १८११ मध्ये याच स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी चौदा वर्षांची हद्दपारी झाली. १८१४ मध्ये तो सिडनीस पोहोचला आणि तेथेही पाच शिलिंगांच्या बनावट हुंड्या छापताना सापडला. त्याची रवानगी न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींकडे झाली.

तेथील अधिकारी कॅप्टन जेम्स वॉलिस याने या बंदिवानाचे कसब हेरले. लायसेटने वसाहतीची दृश्ये रंगविली. तसेच स्थानिक आदिवासींची नृत्ये, शिकार व मासेमारीही. १८२१ मध्ये त्याला पूर्ण माफी मिळाली. इंग्लंडला परतल्यावर १८२४-२५ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाच्या दृश्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. १८२८ मध्ये तो वारला.

आज त्याच हातच्या कागदाला ग्रंथालये व संग्राहक मोठे मोल देतात. एकेकाळी खोटेपणा हे ज्याचे भांडवल होते, त्याच्या चित्रांची किंमत आता अस्सलपणाच्या दाखल्यावर ठरते, हा बाजाराचा उपरोध होय. परंतु प्रश्न त्याहून गंभीर आहे. ही किंमत केवळ दुर्मिळतेची नाही. आदिवासी आगीचा नियोजनपूर्वक वापर करून भूमीची निगा राखीत, हे दाखविण्यासाठी बिल गॅमेज या इतिहासकाराने २०११ मधील आपल्या ग्रंथात अशा चित्रांचा आधार घेतला. म्हणजे या मोलात चित्रित लोकांचे ज्ञानही सामावलेले आहे. विक्रीचा लाभ मात्र शेवटच्या मालकास मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या कायद्याने पुनर्विक्रीवर पाच टक्के हक्क दिला, तो कलावंतास व त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांपर्यंत वारसांस. चित्रित समाजास नव्हे.

म्हणूनच अशा कलाकृती सार्वजनिक संस्थांनी खरेदी करणे हा उधळेपणा मानता येणार नाही. लायसेटच्या वीस जलरंगचित्रांचा संग्रह ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. वॉलिसचा संग्रह न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयाने २०११ मध्ये विकत घेतला. तिजोरीत बंद झालेले चित्र केवळ मत्ता असते. ग्रंथालयातील चित्र पुरावा ठरते. ज्यांची भूमी गेली, त्यांच्या वंशजांना तो पुरावा विनामूल्य पाहता यावा, एवढे तरी या व्यवहारातून साधलेच पाहिजे.