गोठलेलं, वितळलेलं आणि पुन्हा गोठलेलं

मंडळी, या शनिवारी जरा चिडूनच लिहायला बसलोय, तेव्हा सांभाळून घ्या.

झालं असं, की परवा एका मित्राचा फोन आला. नगरचाच. (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जिभेला अजून जुनीच सवय आहे.) त्याने नुकतीच खाऱ्या पाण्याची टाकी लावली आहे. जिवंत खडक, मऊ प्रवाळ, दोन क्लाउनफिश असा छान संसार. प्रश्न एकच: "फ्रोजन फूड कुठल्या ब्रँडचं घेऊ? मायसिस घेऊ का ब्राइन श्रिम्प?"

मी म्हटलं, "ब्रँडचं नंतर बघू. पाकीट तुझ्यापर्यंत येतं कसं ते सांग."

"कसं म्हणजे? ट्रॅव्हल्सने. रात्री मुंबईत चढवतात, सकाळी स्टँडजवळ मिळतं. थर्माकोलच्या खोक्यात, बर्फ घालून."

"खोकं उघडलंस तेव्हा बर्फ होता?"

"होता ना. म्हणजे पाणी झालं होतं, पण गार होतं एकदम."

आणि मग ते एकदम गार पाण्यात पोहणारं पाकीट त्याने फ्रीजरमध्ये टाकलं, संध्याकाळपर्यंत ते पुन्हा दगड झालं आणि साहेब समाधानी. इथे माझं टाळकं सरकलं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग भांडू. समुद्रापासून अडीचशे किलोमीटर आत राहणाऱ्या माणसाने गोठवलेलं खाद्य निवडताना पाकिटावरचं नाव सगळ्यात शेवटी बघावं. आधी बघावं ते पाकीट वाटेत किती वेळा वितळलं. आणि हे बघता येत नसेल तर इम्पोर्टेड पाकिटाचा नाद सोडून स्वतःचं खाद्य स्वतः गोठवावं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कॉपरबँड बटरफ्लाय होता. लांब चोचीचा, अंगावर नारिंगी पट्टे. हा मासा खायला नखरे करतो म्हणून बदनाम आहे, पण माझा चिमट्यातून ब्राइन श्रिम्प घ्यायचा. मी खूश. चार महिने रोज दोन वेळा पोटभर जेवत होता आणि चार महिने वाळत होता. डोक्यामागचं मांस गेलं, पाठ सुरीच्या धारेसारखी दिसायला लागली. मी जंत समजून औषधं केली. शेवटी एकदा वाटीत वितळवलेलं खाद्य भाचीच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपखाली धरलं, तर काय? रिकाम्या पिशव्या. फाटलेली कातडी, सुटे झालेले डोळे आणि गढूळ पाणी. मासा पुढच्या आठवड्यात गेला. फक्त खाद्यामुळेच गेला अशी शपथ मी घेणार नाही. पण कोणीतरी समुद्रातून पकडून आणलेला जीव माझ्या घरात भरल्यापोटी उपाशी राहत होता, आणि पाकीट चकचकीत आहे म्हणून मी निर्धास्त होतो, एवढं खरं.

आता त्या पाकिटात असतं काय, तेही बघा. गोठवलेल्या मोठ्या ब्राइन श्रिम्पच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८५ ते ९० ग्रॅम पाणी असतं. म्हणजे आपण बोंबील विकत घेतोय, तोही परदेशी दराने :-) उरलेल्या दहा-पंधरा ग्रॅममध्ये प्रथिनं, कवच, थोडी चरबी. त्या चरबीत समुद्री माशांना लागणारी लांब साखळीची ओमेगा-३ आम्लं फारच कमी, कारण ब्राइन श्रिम्प हा मुळात समुद्रातला प्राणीच नाही. तो खारट तळ्यांतला आणि मिठागरांतला. पकडून गोठवण्याआधी त्याला काही खायला घातलेलं नसेल तर आतडंही रिकामं. मायसिस याहून पुष्कळ बरा, हे मान्य. पण तोही नीट पोचला तरच.

नीट न पोचल्यावर काय होतं? गोठवणं म्हणजे पेशीतल्या पाण्याचे स्फटिक करणं. कारखान्यात ते झपाट्याने करतात, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात आणि पेशी बऱ्यापैकी शाबूत राहते. माल उणे १ ते उणे ५ अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला की हेच स्फटिक मोठे होतात आणि पेशीची आवरणं फोडतात. गंमत म्हणजे उणे ५ ला पाकीट हाताला दगडच लागतं, पण आतलं सगळं पाणी गोठलेलं नसतं. पूर्ण वितळलं तर फुटलेल्या पेशींतला रस बाहेर येतो. त्या रसात पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं असतात, सुटी अमिनो आम्लं असतात. कोळंबीच्या जातीत डोक्यातली पाचक रसायनं तिचं स्वतःचंच मांस पचवायला लागतात, जीवाणू कामाला लागतात ते वेगळंच. मग आपण तो सगळा रस्सा घरच्या फ्रीजरमध्ये सावकाश, म्हणजे अगदी वाईटात वाईट पद्धतीने, पुन्हा गोठवतो. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर करप्ट झालेल्या फाइलचा इमानेइतबारे बॅकअप घेण्यासारखं आहे हे.

मला राग याचा येतो, की थंडीची साखळी म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर सगळा दुधाचा पट्टा. दूध थंड करायला उशीर झाला तर काय होतं हे इथे पोराटोरांना ठाऊक आहे. गाय भरवायची तर डॉक्टर रेतमात्रा द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमधून आणतात, उणे १९६ अंशांत. ती एकदा वितळली की संपली. "वितळली होती, पण मी घरी आणून पुन्हा गोठवली" असं कोणी म्हणालं तर पशुपालक त्याला गोठ्याबाहेर काढेल. पोलिओच्या डोसाची कुपी आठवते? तिच्या लेबलवर गोलात एक चौकोन असतो. लशीला उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो, आणि गोलाच्या रंगाचा झाला की कुपी फेकून द्यायची. एवढीशी खूण, पण वाटेत काय झालं ते कुणालाही न विचारता कळतं. आणि आपण? तीस-चाळीस हजारांची टाकी लावतो, तिच्यासाठी यूपीएस घेतो, एप्रिलच्या उन्हाळ्यासाठी चिलर घेतो आणि खाद्याच्या बाबतीत दुकानदाराच्या "एकदम फ्रेश माल आहे सर" वर थांबतो. मला हे वाक्य ऐकवलेल्या दुकानात नंतर एकदा रात्री फ्रीजर बंद करून शटर ओढताना मी स्वतः पाहिलंय. वीजबिल वाचवत होते. असो.

इथे एका कर्मकांडाबद्दलही बोलून घेतो. "खाद्य वितळवून आरओच्या पाण्याने तीनदा धुवा, म्हणजे टाकीत फॉस्फेट वाढत नाही." हे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की धुताना पुण्य मिळत असावं असं वाटतं. अहो, फॉस्फरस त्या जीवाच्या मांसातच आहे. पेशीच्या आवरणात आहे, डीएनएत आहे, कवचात आहे. नीट गोठवलेल्या जीवातला तो धुवून जाणार किती? बहुतेक सगळा माशाच्या पोटातून टाकीतच उतरणार. आणि धुतल्यावर गढूळ पाण्याच्या वाट्या भरत असतील, तर खाद्य फुटलेलं आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. अशा वेळी धुऊ नका, फेका. माझी परीक्षा सोपी आहे. एक वडी वाटीभर गार खाऱ्या पाण्यात सोडा आणि हलवू नका. अख्खे जीव, डोळे जागेवर, पाणी जवळपास स्वच्छ राहिलं तर चांगलं. वाटीत पेज झाली तर पाकीट पुन्हा गोठलेलं आहे. पाकिटाच्या आत हिमाचे सुटे कण, वड्या एकमेकींना चिकटलेल्या, खाली जाळी आणि वर वेगळा बर्फ, या सगळ्या त्याच पापाच्या खुणा.

"मग काय उपाशी ठेवायचे का मासे?" हा मित्राचा पुढचा प्रश्न. रास्त आहे.

उत्तर आपल्या आठवडी बाजारात पोत्यावर पडलेलं असतं: जवळा. आपण तो कांद्यावर परततो आणि भाकरीशी खातो. ही जेमतेम इंचभर लांबीची कोळंबी समुद्रातली आहे, स्वतः समुद्रातलं प्लवंग खाते, त्यामुळे तिच्या अंगात समुद्री माशाला हवी ती चरबी असते. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर डोळ जाळ्यांत हा जवळा ढिगांनी येतो. वर्सोवा, उत्तन, अर्नाळ्याकडे तो वाळत घातलेला तुम्ही पाहिला असेल. आपण कॅनडाच्या तळ्यातला मायसिस मागवतो, आणि त्याच्या तोडीचा जीव आपल्या किनाऱ्यावर वाळूत वाळत पडलेला असतो!

पण बाजारातला सुका जवळा टाकीत टाकू नका बरं. उन्हात त्याची चरबी खवट झालेली असते, वाळू असते, कधी मीठ असतं. तो आपल्यासाठी. टाकीसाठी हवा ताजा, आणि ताजा जवळा काही तासांत डोक्याकडून काळा पडून लगदा होतो. तेव्हा गोठवायचा तो किनाऱ्यावरच. कसा? पॉट आइस्क्रीम केलंय ना कधी? बर्फात जाडं मीठ भरपूर घातलं की तापमान उणे २१ पर्यंत उतरू शकतं. एवढं नाही गाठलं, उणे १५ आलं, तरी घरच्या फ्रीजरपेक्षा हे मिश्रण उष्णता कितीतरी भराभर ओढून घेतं, कारण ते पिशवीला चहूबाजूंनी चिकटतं. सकाळी होडी लागली की जवळा घ्यायचा, समुद्राच्या स्वच्छ पाण्यात वाळू आणि सोबतचा कचरा काढायचा, झिपच्या पिशव्यांत अर्ध्या सेंटिमीटरची पातळ चपाती करून भरायचा, हवा काढायची आणि पिशव्या त्या खारट बर्फात बुडवायच्या. पातळ थर आहे म्हणून पटकन दगड होतो. त्याच डब्यात, मीठबर्फाची भर घालत, नगरपर्यंत आणायचा. घरी फ्रीजरच्या तळाशी, दारात नाही. रोज एक तुकडा मोडायचा. लहान तोंडाच्या माशांसाठी कात्रीने बारीक करायचा.

फक्त जवळ्यावर भागवू नये. अधूनमधून माकूळ, कोळंबी, तिसऱ्या द्याव्यात. तिसऱ्या रोज नकोत, कारण काही शिंपल्यांत आणि माशांत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मोडणारं विकर असतं आणि ते गोठवल्याने मरत नाही. सुपरमार्केटमधली सोललेली गोठवलेली कोळंबी घेणार असाल तर घटक वाचा. आयएनएस ४५१ दिसलं की ठेवून द्या. ते पाणी धरून ठेवायला घातलेलं फॉस्फेट आहे. (तीनदा धुणारे लोक नेमकी हीच कोळंबी आणतात!) शेवाळ खाणारे टँग वगैरे असतील तर त्यांना नोरीचा कागद द्या. त्यांच्यासाठी हा सगळा कोळंबीपुराण गैरलागू आहे.

आता माझ्या विरोधात जे बोलता येतं ते मीच बोलतो. कच्च्या कोळंबीतून पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू येऊ शकतो आणि तो गोठवूनही टिकतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने कच्च्या कोळंबीची आयात थांबवली होती ती याच भीतीने. माशांना तो होत नाही, पण टाकीत क्लीनर श्रिम्प किंवा खेकडे पाळणाऱ्याने हा धोका डोळे उघडे ठेवून घ्यावा. मी ते पाळत नाही. दुसरं, डोळ जाळ्यांच्या बारीक आसात माशांची पिल्लंही मरतात. खरं आहे. पण एका टाकीला वर्षाला दोन-तीन किलो पुरतो. तिसरं, एवढी यातायात कोण करणार? ज्याला जमत नाही त्याने ब्राइन श्रिम्पची कोरडी अंडी आणावीत. डबा नीट बंद असेल तर त्यांना फ्रीजरच लागत नाही. कोमट खाऱ्या पाण्यात हवा सोडली की दिवसभरात पिल्लं फुटतात, आणि अंड्यातला बलक अंगात आहे तोवर, म्हणजे फुटल्याबरोबर, ती खायला घातली तर मोठ्या गोठवलेल्या भावंडांपेक्षा कितीतरी सकस. मऊ प्रवाळांनाही चालतात. लाइट जाणाऱ्या गावात याहून भरवशाचं खाद्य मला माहीत नाही.

आणि ज्याला पाकीटच हवंय त्याने निदान लशीसारखी खूण तरी ठेवावी. औषधाची छोटी पारदर्शक बाटली अर्धी भरून उभी गोठवायची आणि मालासोबत उलटी ठेवायला सांगायची. पोचेपर्यंत बर्फ वर, बुडाशीच राहिला तर ठीक. झाकणाकडे उतरला तर माल परत. बाटलीत टाकीचंच पाणी घाला, साधं नको. खारं पाणी शून्याच्या दोन अंश खाली वितळतं, म्हणजे खाद्याच्या आसपासच. घरच्या फ्रीजरमध्ये हेच काम वाटीतल्या खाऱ्या बर्फावर ठेवलेलं रुपयाचं नाणं करतं.

हे सगळं ऐकून मित्र थोडा घुश्श्यातच फोन ठेवून गेला. काल त्याचा मेसेज आला: "दुपारी चार तास लाइट नव्हती. नाणं तळाला." उरलेली तीन पाकिटं त्याने गुलाबाच्या कुंडीत पुरली. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळ्याचा साठा मे महिन्यातच करावा लागणार. मेच्या तिसऱ्या शनिवारी पहाटे निघतोय. पॉटचा डबा माझा, मीठ आणि डिझेल त्याचं.