बंधारा काढण्यापूर्वी

नदीच्या वाटेतील जुने बंधारे काढून तिला पुन्हा वाहती करावी, हा विचार आज देशोदेशी मूळ धरीत आहे. अमेरिकेतील एल्व्हा नदीवरचे दोन बांध २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आले आणि शतकभर अडलेले सॅमन मासे पुन्हा वरच्या पात्रात चढू लागले. हे वाचून आपल्या गावच्या, गाळाने भरलेल्या बंधाऱ्याकडे कुणाची दृष्टी वळली, तर त्यात नवल नाही. मात्र पहार उचलण्यापूर्वी एकदा तंजावरकडे पाहावे.

तंजावर आपल्याला ठाऊक आहे ते भोसले राजांमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. परंतु त्या राज्याचे सारे वैभव कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाताने पोसले होते. श्रीरंगमच्या वरच्या अंगाला, मुक्कोंबू येथे, कावेरीला दोन फाटे फुटतात. उत्तरेचा कोळ्ळिडम सखल आणि सरळ. तो पुराचे पाणी घेऊन तडक समुद्र गाठतो. दक्षिणेची कावेरी मात्र शाखाशाखांनी शेते भिजवीत जाते. बेटाच्या खालच्या टोकाशी हे दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात. तेथे कावेरीचे पाणी कोळ्ळिडममध्ये ओसरू नये म्हणून कल्लणै हा दगडी बंधारा घातलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या करिकाल चोळ राजाने तो बांधला, असे परंपरा सांगते. नदी मोकळी करण्याच्या उत्साहात हा बंधारा काढला, तर कावेरीच कोरडी पडेल!

म्हणून बंधारा निर्दोष ठरतो, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीचे पात्र वाळूने भरून वर आले होते आणि पाणी कोळ्ळिडमकडे वळू लागले होते. दुसरे सरफोजी राजे हयात असतानाच, १८३०च्या सुमारास, आर्थर कॉटन या तरुण इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीच्या काळात कल्लणैच्या भिंतीत ठिकठिकाणी दारे पाडून वाळूला वाट करून देण्यात आली. बंधारा राहिला आणि गाळ वाहू लागला. पुढे १८३६ साली कॉटनने मुक्कोंबूजवळ कोळ्ळिडमवर नवा बंधारा घातला. तेव्हा उलटेच घडले: कावेरीत इतके पाणी लोटले की तिचा तळ खरवडला जाऊ लागला, आणि पुढील दशकातच या नव्या बंधाऱ्याचा मधला भाग उतरवावा लागला. हाच बंधारा पुढे पावणेदोनशे वर्षे टिकला. ऑगस्ट २०१८च्या पुरात त्याची नऊ दारे वाहून गेली आणि शेजारीच नवे बांधकाम उभारावे लागले.

तात्पर्य, बंधारा घालणे असो वा काढणे, नदी त्याचे उत्तर दूरवर देते. एल्व्हाचे बांध काढण्याचा कायदा १९९२ साली झाला. पहिला घाव त्यानंतर एकोणीस वर्षांनी पडला. मधल्या काळात साठलेल्या गाळाचे मोजमाप झाले, खालच्या गावासाठी पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि भिंती टप्प्याटप्प्याने उतरविण्यात आल्या.

आपल्या गावी असा विषय निघाला, तर ग्रामसभेत चार प्रश्न अवश्य विचारावेत. या बंधाऱ्यावर आज कोणाची विहीर आणि कोणाचे शेत अवलंबून आहे? त्यामागे गाळ किती साठला आहे, आणि सुटल्यावर तो कोठे जाईल? पाण्याचा वेग वाढल्यास पुलाचे पाये व काठ टिकतील काय? मासे आणि गाळ यांना वाट देणारी दारे ठेवून काम भागेल काय?

शेवटच्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या घरचेच आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्याच्या तोंडावर काढतात आणि पाऊस सरताना पुन्हा बसवितात. पुराच्या दिवसांत नदी आपला गाळ घेऊन जाते. उरलेले पाणी शेतकऱ्याला मिळते. मात्र बर्गे वेळेवर काढणारे हात हवेत. ते नसतील, तर उत्तम बंधाराही नदीला जड होतो. आणि ज्या बंधाऱ्याचा आज कोणालाच उपयोग नाही, तो नीट हिशेब करून काढून टाकणेच इष्ट.