खेळणारा आणि शिकविणारा

'उत्तम खेळाडू तोच उत्तम शिक्षक' असा एक समज आपल्या समाजांत रूढ आहे. फुटबॉलच्या मैदानावर नांव गाजविलेला एखादा गृहस्थ खेळांतून निवृत्त झाला कीं, त्याच्या हातीं शिट्टी द्यावी, मुलें त्याच्या स्वाधीन करावीं आणि आपण निश्चिंत व्हावें, असें पालकांस वाटतें. मुलांस तर त्याहून अधिक वाटतें. हा समज अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत लहान मुलांस द्यावी लागते; म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका मैदानाच्या कडेला उभे होतों. एके काळीं चांगल्या संघांतून खेळलेले एक गृहस्थ बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवीत होते. येणारा चेंडू पायाच्या आंतल्या बाजूनें कसा थोपवावा, हें त्यांनीं स्वतः इतक्या सफाईनें करून दाखविलें कीं, पाहणारे थक्क झाले. मग एका किरकोळ अंगाच्या मुलाची पाळी आली. त्याच्या पायाला लागून चेंडू चार हात दूर उडाला. पुन्हां तसेंच झालें, तिसऱ्यांदाही तसेंच. तेव्हां ते गृहस्थ ओरडले, "अरे, तुझ्या वयाचा असतांना मी हें डोळे मिटून करीत असें!" बाकीचीं मुलें हंसलीं. पुढें कळलें कीं, तो मुलगा त्या दिवसानंतर मैदानाकडे फिरकलाच नाहीं.

त्या गृहस्थांच्या मनांत दुष्टावा मुळींच नव्हता. जी गोष्ट आपणांस सहज साधते ती दुसऱ्यास कां साधत नाहीं, हें त्यांस खरोखरच उमगत नव्हतें. मुलानें पाय ताठ धरला होता. चेंडू लागतांच तो किंचित् मागें घ्यावयास हवा होता. एवढें एक वाक्य त्याला कोणी सांगितलें नाहीं. आमच्या मतें खेळणें आणि शिकविणें यांतील सगळें अंतर त्या एका वाक्यांत आहे. खेळाडूची विद्या त्याच्या पायांत असते. ती शब्दांत आणावयाची तर त्याला नव्यानें अभ्यास करावा लागतो.

हें आमचें नुसतें अनुमान नव्हे. बॉबी चार्लटन हे १९६६ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघांतील थोर खेळाडू. १९७३ सालीं त्यांनीं प्रेस्टन या संघाची सूत्रें हातीं घेतलीं, आणि पहिल्याच हंगामाच्या अखेरीस तो संघ दुसऱ्या श्रेणींतून तिसऱ्या श्रेणींत घसरला. उलट स्कॉटलंडचे अलेक्स फर्ग्युसन खेळाडू म्हणून चार्लटन यांच्या तोडीचे कधींच नव्हते. १९७४ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं ईस्ट स्टर्लिंगशायर या लहानशा संघापासून आरंभ केला. आणि पुढें १९८६ ते २०१३ या काळांत मँचेस्टर युनायटेड संघास तेरा वेळां इंग्लंडचें विजेतेपद मिळवून दिलें. यावरून थोर खेळाडूस शिकवितां येतच नाहीं, असा उलटा सिद्धांत मात्र कोणी काढूं नये. ब्राझीलचे झगालो, जर्मनीचे बेकेनबाउअर आणि फ्रान्सचे देशां यांनीं खेळाडू म्हणूनही विश्वचषक जिंकला आणि पुढें मार्गदर्शक म्हणूनही जिंकला. तात्पर्य इतकेंच कीं, ही दुसरी विद्या पहिलीच्या पाठोपाठ आपोआप येत नाहीं.

आपल्या देशाकडे पाहिलें तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. भारतीय फुटबॉलच्या वैभवाच्या काळांतील मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे हैद्राबादेंतील शाळामास्तर होते, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई सामन्यांत जर्नेल सिंग या पिछाडीच्या भक्कम खेळाडूच्या डोक्याला जखम झाली. रहीम यांनीं त्याला घरीं बसविलें नाहीं, तर आघाडीवर खेळविलें. त्यानें उपान्त्य सामन्यांतही गोल केला आणि अंतिम सामन्यांतही. आणि दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून भारतानें सुवर्णपदक मिळविलें. कोणाच्या अंगीं काय आहे हें ओळखण्याची दृष्टि वर्गांत रोज मुलें न्याहाळणाऱ्या शिक्षकाजवळ असते, तीच ही दृष्टि होय.

त्या अंतिम सामन्यांतील दुसरा गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा. १९६७ सालीं त्यांनीं खेळणें थांबविलें आणि शिकविण्यास वाहून घेतलें. त्यांच्या हाताखालीं कलकत्त्याच्या ईस्ट बेंगाल संघानें १९७५ सालीं शील्डच्या अंतिम सामन्यांत मोहन बागानवर ५-० असा विजय मिळविला. सामन्यापूर्वीं खेळाडूंशीं ते जें बोलत त्याची ख्याति बंगालभर झाली होती. ज्या पायांनीं गोल केले ते थकले, तेव्हां त्यांनीं वाणी कमावली.

आतां आपल्या मुंबईंतील एक उदाहरण घेऊं. खालिद जमील हे महिंद्र युनायटेड, एअर इंडिया व मुंबई एफ. सी. या संघांतून पेशा म्हणून खेळले. २००९ सालीं, बत्तिशींतच, त्यांना खेळणें सोडावें लागलें. आणि ज्या संघाचे ते खेळाडू होते त्याच मुंबई एफ. सी. चे ते प्रशिक्षक झाले. सात हंगाम त्यांनीं तेथें घालविले. त्या काळांत अजिंक्यपद एकदांही लाभलें नाहीं. पण बेताच्या साधनांच्या त्या संघास त्यांनीं वरच्या श्रेणींतून खालीं पडूं दिलें नाहीं. असल्या कामाला हार-तुरे मिळत नाहींत. पुढें ते मिझोरमच्या ऐझॉल संघाकडे गेले. हा संघ आदल्याच वर्षीं खालच्या श्रेणींत ढकलला गेला होता व त्यास पुन्हां प्रवेश देण्यांत आला होता. त्याच संघानें ३० एप्रिल २०१७ रोजीं शिलाँग येथें बरोबरी साधून अवघ्या एका गुणानें आय-लीगचें अजिंक्यपद पटकाविलें. २०२५ च्या ऑगस्टांत जमील यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदीं नेमणूक झाली. पुढच्याच महिन्यांत संघानें मध्य आशियांतील स्पर्धेंत तिसरा क्रमांक मिळविला. आणि त्यानंतरच्या महिन्यांत, १४ ऑक्टोबर रोजीं, गोव्यांत मडगांव येथें सिंगापूरकडून २-१ असा पराभव पत्करला. आशिया चषकाचें दार त्या दिवशीं बंद झालें. प्रशिक्षकाचें जिणें असें आहे! खेळाडूला निदान धांवून घाम तरी गाळतां येतो. प्रशिक्षकास रेषेबाहेर उभें राहून सारें सोसावें लागतें.

पेशा म्हणून खेळणाऱ्याचें आयुष्य साधारणतः पस्तिशीच्या आंत-बाहेर संपतें. इतर धंद्यांत ज्या वयांत माणसाचा जम बसूं लागतो, त्या वयांत याला नवा आरंभ करावा लागतो. प्रशिक्षक व्हावयाचें तर डी, सी, बी, ए अशा पायऱ्या चढून शेवटीं प्रो ही परीक्षा द्यावी लागते. काल ज्याच्या नांवाचा मैदानांत जयघोष होत होता, तो आज बाकावर बसून वही उघडतो, आणि दुसऱ्याच्या देखत पाठ घेऊन आपल्या चुका ऐकून घेतो. आमच्या मतें त्याच्या आयुष्यांतील खरा कठीण सामना हाच होय. ज्याला हें कमीपणाचें वाटतें, त्यानें मुलांच्या वाटेस जाऊं नये हेंच बरें.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंति आहे. आपला मुलगा किंवा मुलगी कोणाच्या हातीं द्यावयाची हें ठरवितांना त्या गृहस्थांच्या घरच्या कपाटांतील ढाली मोजीत बसूं नका. एक दिवस मैदानाच्या कडेला उभे राहा. ज्या मुलाला जमत नाहीं त्याच्याशीं ते कसे वागतात, तेवढें पाहा. तसेंच 'खेळून पुढें काय?' हा आपला प्रश्न आम्ही अयोग्य मानीत नाहीं. परंतु 'पुढें प्रशिक्षक होईल' हें त्याचें सोपें उत्तर नव्हे. त्या जागा थोड्या आहेत, आणि त्यांना अभ्यासू, संयमी, चार भाषा बोलणारीं माणसें लागतात. तेव्हां खेळासाठीं पुस्तक सोडवूं नका, आणि पुस्तकासाठीं मैदानही सोडवूं नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस हें वय होईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. तुमच्यापैकीं जे शाळेच्या संघांत आहेत त्यांनीं आठवड्यांतून एकदां पांचवी-सहावींतील एखाद्या मुलास जवळ घ्यावें आणि चेंडू थोपविण्यास शिकवावें. तिसऱ्यांदा त्याला जमलें नाहीं तर ओरडूं नये. वांकून त्याचा पाय पाहावा. तो ताठ असेल. तो मागें कसा घ्यावा हें सांगतां सांगतां तुम्हांलाही आपला खेळ नव्यानें कळेल. त्या दिवशीं मैदानावरून निघून गेलेल्या मुलासारखा आणखी एक मुलगा जरी त्यामुळें टिकला, तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.