उडी नेमकी केव्हा?

वऱ्हाडातील मे महिन्याची दुपार. अकोल्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला, रस्ते ओस, घरात कूलरची घरघर. अशा वेळी इंटरनेट बंद पडते आणि नातवाच्या संगणकावर एक लहानसा करडा डायनासोर अवतरतो. कळफलकावरील लांब पट्टी दाबली की तो धावू लागतो. समोर निवडुंग आले की तीच कळ दाबून त्याला उडी मारायला लावायची. गूगलने २०१४ साली आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये ठेवलेला हा खेळ आजोबांच्या हाती आला की दोन मिनिटांत तक्रार ऐकू येते, ‘‘आता बोटे चालत नाहीत.’’

दोष बहुधा बोटांचा नसतो. नवखा खेळाडू डायनासोरकडे पाहत राहतो आणि निवडुंग अगदी जवळ आल्यावर दचकतो. डोळ्यांनी पाहणे, मनाने ठरवणे व बोटाने कळ दाबणे याला तरुणासही सुमारे पाव सेकंद लागतो. वयानुसार हा अवधी वाढतो आणि इकडे खेळाचा वेगही वाढतच जातो. म्हणून नजर पडद्याच्या उजव्या कडेवर ठेवावी. अडथळा तेथे दिसताच उडीची तयारी करावी. दोन निवडुंग जवळजवळ असतील तर पहिल्या उडीपूर्वीच दुसरीचा विचार झालेला असावा.

शाळेत लेझीम खेळलेल्यांना हे नवे नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासून चालत आलेल्या संस्थांमुळे आपल्या भागाला व्यायामाची मोठी परंपरा लाभली आहे. हलगीचा ठोका ऐकून मग हात हलवणारा नेहमीच मागे पडतो. पुढचा ठोका मनात धरणारा तालात राहतो. वयामुळे चपळाई उणावते, परंतु अंदाज बांधण्याची सवय पुष्कळ अंशी टिकून राहते. ज्येष्ठांनी तिच्यावरच भिस्त ठेवावी.

सराव दहा-पंधरा मिनिटांचाच असावा. थकल्यावर केवळ चुका पक्क्या होतात. मनगटाला टेबलाचा आधार द्यावा, जवळचा चष्मा लावावा, मधूनमधून पापण्या मिटाव्यात. उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या शेजारी असावा आणि खुर्चीवरून सावकाश उठावे. सर्वोत्तम गुणांचा ध्यास न धरता रोजच्या पाच डावांची सरासरी वहीत लिहावी. घरातील तरुणांनी हसून हातातील यंत्र काढून घेऊ नये.

या खेळाने स्मरणशक्ती वाढेल काय? येथे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६५ वर्षांवरील सुमारे २,८०० व्यक्तींपैकी बहुतेकांना स्मरण, तर्क किंवा जलद आकलन यांपैकी एकाचे पद्धतशीर प्रशिक्षण देण्यात आले. ज्याचा सराव केला, मुख्यतः त्यातच प्रगती झाली. डायनासोरच्या उड्यांनी डायनासोरच्या उड्या सुधारतात, एवढेच खात्रीने म्हणता येते. पडण्यापासून बचाव हवा असेल तर भिंतीचा आधार घेऊन तोल सांभाळण्याचे आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे व्यायामच करावे लागतात. खेळ हा विरंगुळा आहे, औषध नव्हे.

वहीचा मात्र एक उपयोग आहे. काही आठवड्यांत सरासरी सतत घसरू लागली, तर झोप, नवी औषधे, मोतीबिंदू यांची चौकशी करून डॉक्टरांशी बोलावे. वहीवरून निदान होत नाही. विचारण्यास निमित्त मिळते.

परंतु कालपर्यंत नीट चालणारा हात आज अचानक कळ चुकू लागला, एका बाजूची शक्ती गेली, चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळले, तर तो वयाचा दोष समजून ‘जरा पडून राहा’ असे सांगू नये. तो पक्षाघात असू शकतो. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी, तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्याचाही निर्णय तपासणीनंतर होतो, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे असते. जवळचे असे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.