शुद्ध प्रकाराचा सोस

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा चित्रपट प्रेक्षकांनी तीन दशकांहून अधिक काळ जपला. समीक्षेने मात्र 'निखळ करमणूक' या दोन शब्दांत त्याची वासलात लावली. या उपेक्षेच्या मुळाशी एक गृहीतक आहे : रहस्य, प्रणय आणि विनोद यांची सरमिसळ करणारी कलाकृती प्रकारदृष्ट्या अशुद्ध, म्हणूनच आशयदृष्ट्या उथळ.

वस्तुतः सचिन पिळगावकर यांच्या दिग्दर्शनात आणि वसंत सबनीस यांच्या संवादांत हे तीन घटक एकाच गरजेतून उद्भवतात. ती गरज म्हणजे पुण्यात डोक्यावर छप्पर. घरमालकिणीला विवाहित जोडपीच हवीत. म्हणून चौघा मित्रांपैकी दोघे बायका होतात. हे रहस्य प्रेक्षकापासून लपवलेले नाही, तो कटातच सामील आहे. हिचकॉकने धक्का आणि ताण यांत केलेला भेद येथे आठवावा. गुपित कोणते, हा प्रश्न नाहीच. ते केव्हा फुटेल, हा आहे. हसू त्या ताणातून फुटते. आणि खोलीसाठी मिरवलेली 'पत्नी'च धनंजय मानेच्या माधुरीवरील प्रेमाच्या आड येते. एक घटक काढला तर उरलेले दोन कोसळतात. सेंद्रिय एकात्मतेची याहून वेगळी कोणती कसोटी समीक्षकांना अभिप्रेत आहे? मिश्रणाच्या तिटकाऱ्याला परंपरेचा आधार द्यावा, तर भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासूनच सांगितलेली आहे!

कथानक हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून घेतले, हा आक्षेप खरा, पण अपुरा. उसने बीज पुण्याच्या मातीत वेगळे रुजले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडेकरू सहजी हलत नसे. घरमालकाचा संशय हा निव्वळ स्वभावदोष राहिला नव्हता. सुधीर जोशींचा सरपोतदार त्यामुळेच केवळ व्यंगचित्र वाटत नाही. शिवाय बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकेत प्रेक्षकाने पुरुषाला विसरायचे होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीत त्याला क्षणभरही विसरायचे नाही. एकाच वेषाचा हा उलटा व्यापार अभ्यासकांना दिसू नये, याचे आश्चर्य वाटते.

आक्षेप घ्यायचाच, तर तो अन्यत्र आहे. पुरुषाने मिरवलेल्या गर्भारपणावर चित्रपट मनमुराद हसवतो. परंतु त्याच पुण्यात एखादी एकटी स्त्री खोली मागायला आली असती तर तिला कोणते सोंग घ्यावे लागले असते, हे तो विचारीत नाही. 'निखळ करमणूक' म्हणणाऱ्यांनाही हा प्रश्न पडलेला नाही.