घरतपासनिसाचे शुल्क आणि करार

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. स्थापत्य अभियंता असलेल्या मित्राच्या भागीदारीत त्याने नवा व्यवसाय आरंभिला आहे. नव्या सदनिकेचा ताबा घेण्यापूर्वी ग्राहकाच्या वतीने ती तपासावयाची आणि दोषांचा लेखी अहवाल द्यावयाचा, असे त्याचे स्वरूप. त्याने आपल्या करारनाम्याचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. त्यातील दोन कलमांवर माझी नजर अडली. पहिले असे की, निम्मे शुल्क तपासणीच्या दिवशी आणि उरलेले बिल्डरने दोष दुरुस्त केल्यावर घ्यावयाचे. दुसरे असे की, तपासणीबाबत संस्था कोणत्याही प्रकारे जबाबदार राहणार नाही. पहिल्या कलमाने व्यवसाय बुडेल आणि दुसऱ्याने ग्राहक नाडला जाईल, हे उघड होते.

असा व्यवसाय मुळात का उभा राहतो? जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचे गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असले, तर बाजारच बिघडतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. घराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. भविष्यनिर्वाह निधी काढून आणि वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन सदनिका घेणाऱ्या कारकुनास चकचकीत फरशी दिसते. तिच्याखालची पोकळी, स्नानगृहाचा उलटा उतार वा सदोष अर्थिंग दिसत नाही. तपासनीस हे अज्ञान दूर करतो. परंतु त्याचाच शब्द विश्वासार्ह नसेल, तर एका अज्ञानात दुसऱ्याची भर पडेल. म्हणून त्याला पैसे कोण देतो, केव्हा देतो आणि कशाबद्दल देतो, हे प्रश्न गौण नाहीत.

शुल्क बिल्डरच्या दुरुस्तीवर अवलंबून ठेवणे म्हणजे आपली मजुरी तिऱ्हाइताच्या मर्जीवर सोडणे होय. सापडलेल्या दोषांच्या संख्येवर शुल्क ठरविले, तर ओरखड्यालाही तडा म्हणण्याचा मोह होईल. तेव्हा शुल्क क्षेत्रफळावर, आधीच ठरवावे; थोडा विसार दिवस मुक्रर करताना आणि बाकी रक्कम तपासणी होताच, अहवाल हाती देण्यापूर्वी घ्यावी. निष्कर्ष कळण्याआधी हिशेब मिटला की तो गोड असो वा कडू, तपासनिसास भीती उरत नाही. बिल्डर, दलाल वा दुरुस्ती करणारा कंत्राटदार यांच्याकडून एक पैही घेणार नाही, हे करारात नमूद असावे.

आगाऊ पैसे देणाऱ्या ग्राहकास हमी कोणती, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अहवालाची तारीख लिहून द्यावी आणि ती चुकल्यास शुल्काचा ठरावीक भाग परत करावा. बिल्डरने ताब्याचा दिवस पुढे ढकलला, तर विसार जप्त न होता नव्या तारखेस लागू व्हावा.

आता जबाबदारीचा प्रश्न. भिंतीच्या आतले नळ आणि जमिनीखालचा पाया उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत. काय तपासले आणि काय नाही, याची यादी करारास जोडावी. काही हजारांच्या शुल्कात लाखोंच्या घराची हमी देता येत नाही, हेही मान्य. जबाबदारीला मर्यादा घालता येते; एका कुरियर कंपनीच्या खटल्यात, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या कागदावरील अशी मर्यादा ग्राह्य धरली होती. तथापि मर्यादा घालणे निराळे आणि हात झटकणे निराळे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने एकतर्फी, अनुचित कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची वाट खुली केली आहे. यादीतील दिसणारा दोष हलगर्जीपणामुळे सुटला, तर शुल्काच्या अमुक पटीपर्यंत भरपाई देऊ, असे सरळ लिहावे.

ग्राहकानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा वा कारागिरीचा दोष निदर्शनास आणल्यास, बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तपासनिसाचा अहवाल या हक्काची जागा घेत नाही. तो हक्क बजावण्याचे साधन आहे. तारीख घातलेला अहवाल लेखी पत्रासोबत बिल्डरकडे पोचविला, तरच त्याचा उपयोग.

निघताना विद्यार्थी म्हणाला, "सर, एवढं सगळं लिहिलं तर गिऱ्हाईक बुजेल." मी त्याला इतकेच सांगितले की, हा कागद मराठीत, ठळक अक्षरांत छाप आणि तपासणीच्या चार दिवस आधी ग्राहकाच्या घरी पाठव. किल्ल्या हातात घेऊन उंबरठ्यावर उभा असलेला माणूस काहीही न वाचता सही करतो. बिल्डरच्या करारावर त्याने तशीच सही केलेली असते, आणि तिच्या धास्तीनेच तर तो तपासनिसाकडे आलेला असतो.