उजेडाला वळण लावणारा माणूस



आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी रॉकेलच्या चिमणीपुढे बसून अभ्यास केला आहे. चिमणी सगळीकडे उजेड सांडायची. त्यातला थोडासा वहीवर पडायचा. बाकीचा कुडावर, आढ्यावर आणि दाराबाहेर जायचा. मग घरातले एखादे जाणते माणूस चिमणीमागे पत्र्याचा चकचकीत तुकडा उभा करी. तेल तेवढेच, वातही तीच, पण वहीवरची अक्षरे स्पष्ट दिसू लागत. वाया जाणारा उजेड हवा तिकडे वळवणे, एवढीच ती युक्ती. आज आम्ही याच युक्तीची एक मोठी गोष्ट सांगणार आहोत. त्या युक्तीवर हजारो खलाशांचे प्राण अवलंबून होते.

दोनशे वर्षांपूर्वीचा समुद्र डोळ्यांपुढे आणा. काळोखी रात्र, वादळ, आणि पाण्याखाली दडलेले खडक. किनाऱ्यावर दीपगृहे होती, त्यांत तेलाचे दिवे आणि मागे आरसे होते. पण त्या काळचे आरसे त्यांच्यावर पडलेला सुमारे निम्मा उजेड स्वतःच गिळून टाकत. दिवा दिसेपर्यंत जहाज कित्येकदा खडकाजवळ आलेले असे.

मग आरशाऐवजी काचेचे भिंग का नाही वापरायचे? भिंग दिव्यापासून नेमक्या अंतरावर ठेवले, तर चोहीकडे पसरणारे किरण वळून एका सरळ झोतात निघतात. पण दीपगृहासाठी भिंग मोठे हवे, आणि मोठे भिंग मध्यभागी फार जाड होते. ते जड असते, घडवायला कठीण असते, आणि जाड काच उजेड खाते. इथेच घोडे अडले होते.

ही अडचण सोडवली फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेल यांनी. त्यांचा जन्म १७८८ सालचा, नॉर्मंडी प्रांतातल्या ब्रोली गावचा. आमच्या पालक वाचकांनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. हा मुलगा आठ वर्षांचा झाला तरी त्याला धड वाचता येत नव्हते. मात्र खेळायच्या धनुष्यबाणासाठी कोणत्या झाडाची फांदी चांगली, हे तो बरोबर शोधून काढी. पुढे तो शिकून रस्ते आणि पूल बांधणारा सरकारी इंजिनिअर झाला.

१८१५ साली नेपोलियन सत्तेवर परतला. फ्रेनेल त्याच्या विरोधात गेले आणि नोकरीवरून दूर केले गेले. ते माथ्यू या खेड्यात आईच्या घरी जाऊन राहिले. तिथे ना प्रयोगशाळा, ना उपकरणे. पण प्रकाश म्हणजे नेमके काय, या प्रश्नाने त्यांना झपाटले होते. त्यांनी बारीक भिंग म्हणून मधाचा थेंब वापरला! बाकीची उपकरणे गावातल्या कुलपे घडवणाऱ्या कारागिराकडून करून घेतली. एवढ्या सामग्रीवर केलेल्या प्रयोगांतून ते सांगू लागले की प्रकाश लाटांसारखा पसरतो.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पुष्कळ मोठ्या विद्वानांना हे मान्य नव्हते. प्वासाँ नावाच्या गणितज्ञांनी फ्रेनेल यांचेच गणित पुढे नेऊन दाखवले, की तसे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या अगदी मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा. त्यांना वाटले, हे अशक्य. म्हणजे सिद्धांत खोटा. आरागो या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिला, तर सावलीच्या मधोमध ठिपका खरोखरच उजळला! १८१९ साली अकादमीचे बक्षीस फ्रेनेल यांना मिळाले. मोठ्या नावापेक्षा प्रयोगाचा निकाल मोठा ठरला.

त्याच वर्षी आरागो यांच्या शिफारशीने फ्रेनेल यांना दीपगृहांच्या कामावर घेतले गेले. त्यांचा विचार साधा होता. प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर. पोटातली काच तिथे काहीच काम करत नाही. मग ती निरुपयोगी काच काढूनच टाकली तर? मध्ये एक लहान भिंग ठेवायचे आणि त्याभोवती काचेची कडी बसवायची. प्रत्येक कड्याचा उतार वेगळा, पण असा की सगळ्या कड्यांतून निघणारे किरण एकाच दिशेने जातील. पायऱ्यापायऱ्यांचे हे भिंग कितीही मोठे केले तरी जाड होत नाही.

अशी कल्पना ब्युफाँ यांनी पूर्वीच मांडली होती, असे समितीतल्या एका सदस्याने सांगितले. परंतु ब्युफाँ यांचे भिंग एकाच मोठ्या काचेतून कोरायचे होते. फ्रेनेल यांचे भिंग लहान तुकडे जोडून करायचे होते, आणि म्हणूनच ते कारागिरांच्या हातून घडू शकले. फ्रांस्वा सोलेय या चष्मेभिंगे करणाऱ्या कारागिराने पहिली भिंगे घडवली. दिवाही नवा होता: एकात एक चार गोल वाती असलेला.

ऑगस्ट १८२२ मध्ये पॅरिसच्या अपुऱ्या बांधलेल्या विजयकमानीवर हे भिंग लावून दाखवले गेले. राजा आणि त्याची मंडळी ३२ किलोमीटरवरून तो उजेड पाहत होती. पुढच्या वर्षी, २५ जुलै १८२३ रोजी, जिरोंद नदीच्या मुखावरील कोर्दुआं दीपगृहात तो कायमचा पेटला.

हे भिंग दिव्याभोवती सावकाश फिरत असे. प्रत्येक बाजूतून एक झोत निघून समुद्रावरून फिरे. खलाशाला लखलखाट दिसे, मग काळोख, मग पुन्हा लखलखाट. दोन लखलखाटांमधला वेळ मोजला की हे दीपगृह कोणते ते कळे. उजेडाला जणू नाव मिळाले!

फ्रेनेल यांना मात्र फार आयुष्य लाभले नाही. क्षयाने पोखरलेल्या शरीराने ते काम करत राहिले. १८२७ च्या जुलैत लंडनच्या रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक घेऊन आरागो त्यांच्या बिछान्यापाशी आले. त्यानंतर आठच दिवसांनी, १४ जुलैला, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी फ्रेनेल वारले. किनाऱ्यावरील दीपगृहांची त्यांनी आखलेली योजना पुढे त्यांचे भाऊ लेओनोर यांनी चालवली.

दीपगृहात राबणाऱ्या कामगारांनाही विसरून चालणार नाही. भिंग फिरवणाऱ्या यंत्राची वजने ते रात्रभर हाताने वर ओढत. पुढे १८९० नंतर काही टन वजनाची भिंगे पाऱ्याच्या हौदावर तरंगवली जाऊ लागली. ती बोटाने ढकलली तरी फिरत. पण पाऱ्याची वाफ त्याच कामगारांच्या छातीत जात होती. जहाजे सुखरूप जात होती, त्याची किंमत कोणीतरी वर एकटा बसून भरत होता.

आपल्या मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढे खडकावर प्राँग्ज दीपगृह उभे आहे, ते १८७५ सालचे. आता जहाजांना उपग्रहावरून मार्ग कळतो, तरी दीपगृहे पेटतातच. पायऱ्यांची भिंगे तर आपल्या रोजच्या वाटेवर भेटली आहेत. रेल्वेच्या सिग्नलची काच आमचे रेल्वेतील बांधव ओळखतील. नाटकाच्या मंचावर दिवे लावणारी मंडळी एका दिव्याला ‘फ्रेनेल’ म्हणूनच हाक मारतात.

मुलांनो, शाळेत जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर अडगळीत पडला असेल, तर गुरुजींना विचारून त्याची सपाट काच काढून घ्या. तिच्यावरून हलकेच नख फिरवा. बारीक कडी लागतील. त्या प्रत्येक कड्याचा उतार वेगळा असतो, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.

आणि आई-बापांनो, तुमचे लेकरू अजून अडखळत वाचत असेल, तर त्याला मठ्ठ म्हणून बाजूला सारू नका. त्याचे लक्ष कुठे रमते ते आधी पाहा. आठव्या वर्षी ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्या दिव्याने कितीतरी घरचे कर्ते पुरुष सुखरूप घरी परतले.